घरचं रोज तेच, बाहेरचं फसवं; मग चांगलं खायचं कुठे?

ताई, तुमच्या प्रश्नातलं मला जे कळलं ते आधी लिहितो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याकडच्या. शाळेतल्या नोकरीमुळे दोन वर्षांपासून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहता. घरी दोघंच, दोघंही नोकरीवाले. रोज पोळी, एक भाजी, वरण-भात, आणि प्रत्येक भाजीत माहेरून आलेला कांदा-लसूण मसाला. त्याचा कंटाळा आला की रविवारी मोटरसायकलवर शहर गाठायचं, हॉटेलात सहाशे-सातशे रुपये द्यायचे, आणि परत येताना निम्म्या वेळा वाटतं की याच्यापेक्षा घरी पिठलं टाकलं असतं तर बरं. मधे एकदा नागपूरकडच्या सावजी मसाल्याचं पाकीट आणून घरी मटण केलं. तर्री (रस्स्यावरचा लाल तेलाचा थर) आली नाही आणि रस्सा कडवट झाला. आपला हात चुकतो की हॉटेल निवडण्यात चूक होते, असं तुम्ही विचारलंय.

मी वर्धा जिल्ह्यातला. २६ वर्षांपासून आचाऱ्याचं काम करतो. लग्न, तेरवी, भागवत सप्ताह, जे येईल ते. त्यातली ७ वर्षं हमरस्त्यावर खानावळही चालवली आणि बंदही केली. म्हणजे मोठी कढई, हॉटेलचा गल्ला आणि घरची चूल, तिन्ही ठिकाणी हात भाजून झालेत.

मला विचाराल तर तुमचा हात ठीक आहे. गडबड अशी आहे की जे घरीच चांगलं होतं ते तुम्ही हॉटेलात जाऊन मागता, आणि ज्याला मोठी कढई लागते ते दोन माणसांच्या भांड्यात करायला बसता. काही पदार्थ तव्यावरून उतरले की दहा मिनिटांत मरतात. ते घरीच खायचे, कारण तवा आणि ताट यांच्यात तिथे चार पावलांचंच अंतर असतं. काही पदार्थांना वीस-पंचवीस माणसांचा माल एकत्र शिजावा लागतो, किंवा तास-दोन तास मुरावं लागतं. ते बाहेर खायचे. घर की हॉटेल हा वाद मला कधी समजला नाही. मी आधी पदार्थ पाहतो.

आता, यातलं सगळंच तुम्हाला लागू होईल असं नाही. घरी गॅसच आहे की अंगणात चूल पेटवता येते, दोघं मटण खाता की एकजणच, तिखट किती सोसतं, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की साहेबांना हॉटेलचं खाल्लं की रात्री जळजळ होते. ती फक्त त्याच रात्री होत असेल तर खालचं वाचून जागा बदलून पाहा. घरचं खाऊनही होत असेल तर तो आचाऱ्याला विचारायचा प्रश्न नाही, डॉक्टरला दाखवा.

आधी घरचा कंटाळा. तो पदार्थांचा नाही, त्या एका मसाल्याचा आहे. वांगं, आलू, गवार, पत्ताकोबी सगळ्यांना एकच मसाला घातला तर जिभेला भाजी बदलल्याचं कळत नाही, फक्त तिचा मऊपणा बदलतो. मसाला उत्तमच असणार, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण आठवड्यातले चार दिवस तो डबा फळीवरच राहू द्या. एक दिवस नुसती हिरवी मिरची-लसूण ठेचून. एक दिवस फल्लीचा कूट (तुमच्याकडे शेंगदाणे म्हणतात). एक दिवस आंबट, म्हणजे चिंच, चुका नाहीतर अंबाडी. एक दिवस नुसतं मीठ, हळद आणि जिऱ्याची फोडणी. हळदीचं म्हणाल तर समुद्रपूर तालुक्यातली वायगाव हळद मिळाली तर आणा. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मी ती त्याच्या खूप आधीपासून वापरतो. नेहमीच्या हळदीपेक्षा कमी घालावी लागते, एवढं लक्षात ठेवा. आणि भाजीवालीनं "सांबार देऊ का" विचारलं तर इडलीसोबतचं सांबार डोळ्यांपुढे आणू नका, ती कोथिंबीर विचारते आहे.

दहा मिनिटांत मरणाऱ्या पदार्थांत पहिली ज्वारीची भाकर. तुम्ही पोळीच करता असं दिसतं, कारण भाकर तुटते असं लिहिलंय. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत मुळातच नसतो, म्हणून कढत पाणी घालून पीठ आधी उकडल्यासारखं करावं लागतं, मग ते धरून राहतं. दुसरं कारण जास्त वेळा असतं: पिठाची विरी गेलेली असते. दळून महिना झालेलं पीठ कितीही मळा, कडा फाटणारच. दोन माणसांना दोन किलोच्या वर दळून आणू नका. आमच्या भागात आता सगळीकडे सोयाबीन आणि कापूस दिसतो, ज्वारी पेरणारे कमी राहिले, त्यामुळे दुकानातली ज्वारी कधीची हेही कळत नाही. शाळेतल्या एखाद्या पालकाकडे घरची ज्वारी असेल तर पायलीभर मागून घ्या, लाजू नका. खेड्यात शिक्षकबाईंना ज्वारी विकायला कोणी नाही म्हणत नाही; उलट पैसे कसे घ्यायचे याची पंचाईत होते.

हॉटेलातली भाकर म्हणूनच मला सहसा आवडत नाही. बाई समोर थापत असेल आणि एकेक ताटात येत असेल तर गोष्ट वेगळी. फडक्यात गुंडाळून ठेवलेली भाकर म्हणजे पुठ्ठा.

भरीत हा दुसरा, आणि यावर माझं स्वतःचं तोंड पोळलंय. खानावळ सुरू केली तेव्हा बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "चुलीवरचं भरीत-भाकर." सकाळी आठला पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, आरावर वीस-बावीस वांगी भाजायची, सोलून, मिरच्या-लसूण घालून, फल्लीच्या तेलात परतून डब्यात भरायची. अकरा वाजेपर्यंत येणारा माणूस खूश. दुपारी चारला एक ट्रकवाला आला. दोन घास खाल्ले आणि विचारलं, "भाऊ, हे कालचं आहे का?" मी शपथेवर सांगितलं की सकाळचं आहे. तो म्हणाला, "मग सकाळीच द्यायचं होतं." पैसे पूर्ण दिले, ताट अर्धं ठेवलं. मी ते उरलेलं खाऊन पाहिलं. धुराचा वास गेला होता, वांग्याला पाणी सुटलं होतं, कांदा उतरला होता. पुढे मी भरीत फक्त सकाळी द्यायला लागलो, मग गिऱ्हाईक म्हणायचं बोर्डावर आहे तर द्या. बोर्ड उतरवला.

घरी मात्र दोन वांग्यांचं भरीत वीस मिनिटांचं काम आहे. पऱ्हाट्या किंवा तुराट्या (तुरीची वाळलेली झाडं) तुमच्या गावात फुकट मिळतील. अंगणात तीन विटा मांडल्या की झालं. गॅसवरच करायचं असेल तर वांग्याला तेलाचा हात लावून दोन ठिकाणी टोचा, आच मध्यम ठेवा, आणि सोबत चार हिरव्या मिरच्या आणि लसणाची अख्खी गड्डी भाजा. वांगं सोलल्यावर पाण्याखाली धुवायचं नाही. दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या, चव तिथेच आहे. कच्चा कांदा नाहीतर कांद्याची पात ताटात घेतानाच मिसळा.

तिसरा वडा-भात. हा हॉटेलात मागूच नका. हरभऱ्याची, मुगाची, तुरीची आणि थोडी उडदाची डाळ तीन-चार तास भिजवून जाडसर वाटायची, आलं-मिरची, जिरं, हिंग, मीठ घालून वडे तळायचे, वाफाळत्या भातावर कुस्करायचे आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. सोबत कढी. वडा कुरकुरीत आणि भात ऊन, हे दोन्ही एकाच वेळी फक्त पाच मिनिटं असतात. नोकरी करून तळण नको वाटत असेल तर गोळाभात करा: भरडलेल्या डाळीचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातात ठेवून वाफवायचे, फोडणी वरून. कामही कमी, तेलही कमी.

आणि सोले. तुमच्या साताऱ्यात हा शब्द ऐकला नसेल. हिरव्या तुरीचे ताजे दाणे म्हणजे सोले. डिसेंबर-जानेवारीत शेंगा येतात, तेवढ्यात खाऊन घ्यायचे. अर्धे दाणे अख्खे आणि अर्धे पाट्यावर ओबडधोबड ठेचून, आधी तेलात कच्चेपणा जाईपर्यंत परतायचे, मग कांदा, लसूण, हिरवी मिरची, वांग्याच्या फोडी, आणि ऊन पाणी. यात कांदा-लसूण मसाला घातलात तर मला कळवू नका. गोडसर हिरवी चव असते त्याला, मसाला ती पार झाकून टाकतो. शेंगा सोलायला वेळ लागतो हे खरं. पण संध्याकाळी टीव्हीपुढे बसून दोघांनी सोलल्या तर अर्ध्या तासात वाटीभर दाणे निघतात. उरलेल्यांचा सोलेभात. मी वर्षभर लोकांच्या लग्नात पनीर करतो आणि घरी या दोन महिन्यांची वाट पाहतो. पावसाळ्यात काटवलं (करटोली) आणि तरोट्याचा कोवळा पाला, उन्हाळ्यात चिवळीची भाजी, आमरसासोबत सरगुंडे (काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवया), हेही असेच. हॉटेलच्या कार्डावर यातलं काही नसतं, कारण कार्ड एकदाच छापतात.

आता तुमचं कडू मटण. तर्री म्हणजे रस्स्यावर येणारा लाल तेलाचा थर. मिरचीचा लाल रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. तेल कमी असेल तर रंग उतरायला जागाच नाही. तुम्ही पाव किलो मटणाला दोन चमचे तेल घातलं असं लिहिलंय. आम्ही किलोला पाव लिटरच्या आसपास धरतो, म्हणजे तुमच्या मटणाला चार-पाच मोठे चमचे. एवढं तेल पाहून तुम्हाला भीती वाटेल. वाटायलाच पाहिजे, म्हणून हा रोजचा पदार्थ नाही.

कडवटपणा कुठून आला? तीन जागा आहेत. एक, मिरचीपूड कडक तेलात सरळ टाकली. छोट्या कढईत मसाल्याचा थर पातळ, सगळा मसाला तळाला चिकटून असतो, वीस सेकंदांत करपतो. माझ्या कढईत पाच किलो कांद्याचं वाटण असतं, तिथे मसाला मसाल्यावर बसतो, तळाला थोडाच लागतो आणि सराटा फिरत राहतो. मोठ्या कढईचा फायदा हा आहे, त्यात जादू काही नाही. दोन, पाकिटातला मसाला बहुतेक वेळा आधीच भाजलेला असतो. तो पुन्हा दहा मिनिटं परतला की लवंग, मसाला विलायची, दगडफूल हे सगळे कडू होतात. तीन, पाकीट संपवायचं म्हणून जास्त घातला. यातलं तुमचं कोणतं, ते तुम्हालाच आठवेल.

पुन्हा करून पाहायचं असेल तर असं करा. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून कुकरमध्ये शिजवून घ्या आणि ती आळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, टाकू नका. कांदा-खोबरं भाजून बारीक वाटा. तेलात ते वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. यालाच पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि इथेच सगळे घाई करतात. मिरचीपूड वाटीभर कोमट आळणीत कालवून मगच कढईत घाला, म्हणजे करपायचा प्रश्न नाही. मिरची भिवापुरी मिळाली तर रंग आणि तिखटपणा दोन्ही सांभाळेल, पण अंदाजापेक्षा कमी घालून सुरुवात करा. पाकिटाचा मसाला सगळ्यात शेवटी, एकच चमचा. मग मटण आणि ऊन आळणी. गार पाणी ओतलंत तर सगळं थंड पडतं आणि पुन्हा उकळी येईपर्यंत मसाला तळाशी बसतो. झाकण न ठेवता पंधरा मिनिटं रटरटू द्या, गॅस बंद करा आणि दहा मिनिटं हात लावू नका. तर्री त्या दहा मिनिटांत वर येते.

एवढं करून बारा आणे जमेल. सोळा आण्यांसाठी सावजीकडेच जायचं. हे मुळात नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या घरांतलं जेवण, मागावर कापड विणणाऱ्यांचं. आता हमरस्त्यापासून गावच्या फाट्यापर्यंत प्रत्येक धाब्यावर "सावजी" लिहिलेलं असतं, त्यामुळे पाटीवर जाऊ नका. मी आधी काय-काय मिळतं ते विचारतो. मटण, चिकन, खिमा, खूर, अंडं, पाटोडी (बेसनाच्या वड्या), डाळकांदा, एवढ्यावर यादी संपली तर बसतो. त्यापुढे माणूस "पनीर टिक्का, हक्का नूडल्स" म्हणायला लागला तर पाणी पिऊन उठतो. तिखट सोसत नसेल तर डाळकांदा मागा किंवा पाटोडी रस्सा, आणि रस्सा वेगळ्या वाटीत. तर्रीखालचा रस्सा चमच्यानं घ्यायचा असतो. भाकर बुडवली की ती सगळी तर्रीच ओढून घेते आणि मग रात्री साहेबांना जळजळ होते.

तुमच्या रविवारच्या हॉटेलचं दुखणं याच्याशीच जोडलेलं आहे. आठ टेबलांच्या हॉटेलात ऐंशी पदार्थांचं कार्ड कसं चालतं? मी चालवलंय, म्हणून सांगतो. सकाळी दोन गंज भरून ग्रेव्ही व्हायची, एक लाल आणि एक पिवळी. शाही पनीर मागितलं तर लालमध्ये साखर आणि साय, काजू करी मागितली तर पिवळीत काजू, कोफ्ता मागितला तर लाल-पिवळी अर्धी-अर्धी. गिऱ्हाइकाला तीन भाज्या खाल्ल्यासारखं वाटायचं आणि घरी गेल्यावर एकही आठवायची नाही. यात फसवणूक नव्हती, माल ताजा असायचा. पण चव एकच. तुम्ही दोघांनी दोन वेगळ्या भाज्या मागवल्या आणि दोन्ही सारख्या लागल्या असं जे लिहिलंय, त्याचं कारण हे. अशा हॉटेलात गेलातच तर तव्यावर किंवा तंदुरीत त्याच वेळी होणारं काही मागा, आणि शेजारच्या चार टेबलांवर जे जातंय ते मागा. जास्त खपतं ते ताजं असतं.

पण ताई, तुम्ही "बाहेर" म्हणजे फक्त शहरातलं हॉटेल धरलंय. खेड्यात राहून हे करणं म्हणजे विहिरीजवळ राहून बाटलीचं पाणी विकत घेणं. आपल्याकडचं बाहेरचं जेवण हॉटेलात नाहीच मुळी.

आठवडी बाजार घ्या. आलूबोंडा आणि चण्याचा तर्रीदार रस्सा, मुंगवडे, भजे, जिलेबी. सकाळी पाल ठोकल्या-ठोकल्या जाऊ नका. पहिल्या घाण्याला तेल नीट तापलेलं नसतं, बोंडा तेल पितो. संध्याकाळी सहानंतर तेच तेल काळं होऊन फेसाळतं. दुपारी तीन ते पाच, गर्दी असते तेव्हा जा, आणि ताटात रचून ठेवलेले घेऊ नका. "पुढचा घाणा केव्हा?" एवढं विचारा आणि थांबा. पाच मिनिटं उभं राहिल्यानं त्याच पैशात दुसराच पदार्थ मिळतो. शेगावला गेलात तर कचोरीचंही तसंच. ती जरा टिकते, गाडीत नेता येते, तरी कढईतून निघालेली आणि डब्यात घाम आलेली यात फरक आहेच.

पंगत घ्या. शिक्षक म्हणून तुम्हाला गावातल्या प्रत्येक लग्नाचं, वास्तूचं, भंडाऱ्याचं बोलावणं येत असणार, आणि तुम्ही पाकीट देऊन परत येत असणार. बसा. आमच्याकडची लग्नाची आलू-वांग्याची भाजी घरी कधीच तशी होत नाही, मलाही घरी जमत नाही. चाळीस किलो भाजी असते. खालची वांगी विरघळून रस्सा दाट होतो, वरची अख्खी राहतात, आणि एवढा माल चुलीवरून उतरल्यावरही तास-दीड तास आपल्याच उष्णतेत शिजत राहतो. घरच्या अर्ध्या किलोला ती ऊब कुठून येणार? म्हणून एक आतली गोष्ट सांगतो: पहिल्या पंगतीत घाई करू नका. तेव्हा भाजी मुरलेली नसते, मी फक्त लोकांच्या गडबडीमुळे वाढायला देतो. दुसरी पंगत सगळ्यात चांगली. तिसरीत मी कधीकधी पाणी वाढवलेलं असतं, हे कोणत्याही लग्नघरी सांगू नका.

रोडगे घ्या. चैत्रात शेतातल्या मारुतीपुढे किंवा महादेवाच्या ठाण्यावर कार्यक्रम असतात. जाडसर गव्हाच्या पिठाचे, आत तेलाचा हात लावून पदर केलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, राख झटकून फोडतात, वर तूप, बाजूला वांग्याची भाजी आणि वरण. त्याला गोवऱ्यांचा ढीग आणि दहा-वीस माणसं लागतात. दोन माणसांसाठी ओव्हनमध्ये करून पाहिले होते एकानं, मला फोटो पाठवला. दिसायला छान होते.

आणि माघ वद्य सप्तमीला, बहुतेक फेब्रुवारीत येते, गजानन महाराजांचा प्रकटदिन. महाराज १८७८ साली शेगावात प्रकटले, म्हणून तो दिवस विदर्भातली कितीतरी गावं पाळतात. प्रसाद काय, तर पिठलं, भाकर, अंबाडीची भाजी, कांदा, मिरची. म्हणजे ज्याला तुम्ही हॉटेलातून परत येताना आठवता, तेच पिठलं, शेकडो माणसांसाठी, एका वेळी. त्या दिवशी मी तीन कढया पिठलं करतो, आणि तिथे बेसनाची गुठळी होऊ नये म्हणून दोन माणसं फक्त घोटायला लागतात. घरचं चून (आमच्याकडे पिठल्याला म्हणतात) वेगळं आणि हे वेगळं, दोन्ही चांगली. हा एक पदार्थ माझ्या वरच्या नियमात बसत नाही, हे मान्य करतो.

पैशाचंही पाहू. महिन्याचे चार रविवार धरले तर तुमचे अडीच-तीन हजार जातात. मी तुमच्या जागी असतो तर महिन्यातून एकदाच लांब गेलो असतो, नीट ठरवून, सावजीकडे किंवा जिथे एकच पदार्थ नावाजलेला आहे तिथे. एक बाजार, एक पंगत किंवा भंडारा असेल तसा. उरलेल्या रविवारी घरी एकच मोठं काम, वडा-भात नाहीतर भरीत, आणि बाकी स्वयंपाकाला सुट्टी. वाचलेल्या पैशातून घाण्याचं फल्लीचं तेल, चांगली मिरची आणि जवस घ्या. जवस मंद भाजून, लसूण, तिखट, मीठ घालून कुटलेली चटणी दोन आठवडे टिकते, आणि रोजच्या वरण-भाताला तिनं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या भाजीनं पडत नाही. जवस भाजताना तडतडतात, झाकण जवळ ठेवा.

लग्नाच्या भाजीचा घरी जवळचा नमुना हवाच असेल तर एक करता येतं. शाळेतून आल्या-आल्या चार-साडेचारला आलू-वांग्याची भाजी करा, जाड बुडाच्या भांड्यात, किलोभर तरी. एक वांगं बारीक चिरून सुरुवातीलाच घाला म्हणजे ते विरघळेल, बाकीची मोठ्या फोडी करून नंतर. झाकून, जुन्या चादरीत गुंडाळून रात्री साडेआठपर्यंत ठेवून द्या. पुन्हा गरम करताना पाणी घालू नका. उरेलच, सकाळी डब्यात न्या, दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो ते लिहायचं राहिलंय. तेवढं कळवा, त्या रांगेतल्या बाजारांत मी फिरलेलो आहे. मुंगवडे कोणाकडे घ्यायचे ते सांगतो.